संदर्भ, कोश आणि प्राचीन मराठीचे वाचन

पदव्युत्तर वर्गात प्राचीन मराठी गद्य लावले की विद्यार्थ्यांची पहिली मागणी असते ती शब्दार्थांच्या यादीची. यादी हाती आली की ग्रंथ बाजूला पडतो, हा अनुभव बहुतेक अध्यापकांना परिचित असेल. प्रस्तुत लेखकाच्या मते अशी यादी आरंभी देऊच नये.

'लीळाचरित्रा'चेच उदाहरण घेऊ. चक्रधरस्वामींच्या दिनचर्येची वर्णने तेथे ठरावीक क्रमाने वारंवार येतात : आरोगण, गुळुळा, विडा, पहुड, उपहुड. आरोगण म्हणजे भोजन, हे लीळेतील अन्नाच्या उल्लेखांवरून उमगते. भोजन आणि विडा यांच्यामध्ये येणारा गुळुळा म्हणजे चूळ, हे सांगण्यास कोश लागत नाही. आपल्या घरचा क्रमच ते सांगतो. 'पहुड'ला आजच्या 'पहुडणे' या क्रियापदाचा आधार आहे. खरी परीक्षा आहे ती 'उपहुड'ची. 'उप' पाहून 'उपनगर', 'उपकथा' यांच्या चालीवर 'लहानशी झोप' असा अर्थ करण्याचा मोह होतो. परंतु उपहुडानंतर दिनक्रम पुढे सरकतो, गोसावी पुढील व्यवहारास लागतात. अर्थात तो शब्द निजून उठण्याचा वाचक आहे. मात्र हे एका लीळेवरून ठरवू नये. पाचदहा ठिकाणे ताडून पाहावीत, आणि तोवर आपला अर्थ हा तर्क आहे हे वहीत नमूद करावे.

अनोळखी शब्द निदान वाचकाला थांबवितो. ओळखीचा शब्द थांबवीत नाही, म्हणून तोच अधिक घातक. 'ज्ञानेश्वरी'त 'कां' अनेकदा 'किंवा' या अर्थी येतो, 'तरी' हा 'तर' या अर्थी. 'चाड' ही तेथे इच्छा, गरज असते. आजच्या 'लाज ना चाड' मधील नव्हे. दृष्टान्तांच्या मालिकेत 'कां' प्रश्नार्थक मानून अर्थ लावू पाहणारा विद्यार्थी ओवीशी झटापट करीत बसतो आणि दोष मात्र ओवीच्या दुर्बोधतेला देतो.

संदर्भाचीही एक मर्यादा आहे, आणि तिची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. लेखनिक हाही वाचकच होता. न कळलेल्या शब्दाच्या जागी प्रसंगाला जुळेल असा परिचित शब्द त्याने घातला, तर तो पाठ संदर्भात अगदी चपखल बसणार! एकनाथांनी शके 1506 मध्ये (इ. स. 1584) 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली, ती पाठ बिघडले होते म्हणूनच. सुगम पाठाकडे म्हणून संशयाने पाहावे लागते.

कोशाला येथे विरोध नाही. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांच्या प्राचीन मराठीच्या कोशात (1999) अर्थासोबत ग्रंथांतील अवतरणेही आहेत. विद्यार्थ्याने अर्थ टिपून कोश मिटण्याऐवजी ती अवतरणे वाचावीत. कोशकाराचा तर्क कसा चालला ते त्यांतून दिसते.

परीक्षेत एक न शिकविलेला उतारा द्यावा, त्यातील पाच शब्द अधोरेखित करावेत आणि अर्थासह त्याची कारणे मागावीत. अर्थ चुकला तरी तर्क सुसंगत असेल तर गुण द्यावेत. कारणाविना लिहिलेल्या बरोबर अर्थाला निम्मेच. परीक्षकांचे काम यामुळे वाढेल, आणि बाजारातील मार्गदर्शकांचा उपयोग बराच कमी होईल.