जळालेले बॉनेट आणि मिस्त्रीची मजुरी

भोकरदन तालुक्यातील धावडा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचे गाव. कापूस, मका, सोयाबीन, मिरची ही या पट्ट्यातील पिके. अशा गावांत कोळपणी, फवारणी आणि किरकोळ वाहतुकीसाठी पंधरा-वीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर आले. त्यांच्याबरोबर कारागिरांकडे एक नवी तक्रारही आली : सायलेन्सरच्या बाजूचे बॉनेट वितळले, दिव्याचे घर वाकडे झाले, मडगार्डला तडा गेला.

जुन्या ट्रॅक्टरचे बॉनेट पत्र्याचे असे. तापले तर रंग उडायचा, चेपले तर ठोकून सरळ व्हायचे. आता तेथे प्लास्टिक आले. लहान ट्रॅक्टरमध्ये इंजिन, मॅनिफोल्ड, सायलेन्सर आणि वरचे झाकण सारे दाटीवाटीने बसवलेले असते. बागेत फांद्या अडकू नयेत म्हणून काही ट्रॅक्टरांचा सायलेन्सर वर न काढता खाली वळवलेला असतो. त्यामुळे उष्णता प्लास्टिकच्या जवळच घोटाळत राहते. पूर्ण भारावर डिझेल इंजिनाचा धूर 400 अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र साधारण 160 ते 165 अंशांना वितळते आणि एबीएस तर 100 अंशांच्या आसपासच नरम पडू लागते.

असे काम आले की दुकानदार म्हणतो, नवा भाग घाला. मिस्त्री एम-सील भरून वर रंग मारतो. दोघांचेही काम त्या दिवसापुरते होते, कारण उष्णता आली कुठून हे कोणीच पाहत नाही. नवे बॉनेटही त्याच जागी पुन्हा वितळते आणि बोल मिस्त्रीला लागतो. माझे मत असे की आपल्या कारागिरांनी आधी कारण शोधण्याची मजुरी घ्यावी, जोडकामाची नंतर. गिऱ्हाईक कुरकुर करेल. पण दुसऱ्यांदा ट्रॅक्टर जळून आला नाही, तर तोच चार जणांना पाठवील.

कारणे फारशी गूढ नाहीत. इंजिन थंड असताना मॅनिफोल्डचा सांधा पाहावा. गॅस्केट फुटले असेल किंवा नट ढिले असतील तर तेथे काजळीची काळी रेघ दिसते, आणि इंजिन सुरू करताच फटफट असा आवाज येतो. या फटीतून निघणारी गरम हवा एकाच जागेवर झोत मारते. म्हणून डाग छोटा आणि खोल असेल तर पहिला संशय गळतीवर घ्यावा. डाग पसरट असेल तर सायलेन्सर सरकला आहे का, किंवा बॉनेट खाली बसले आहे का ते पाहावे. एक सिलिंडरच्या इंजिनाला हादरा जास्त, त्यामुळे सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटतो किंवा बॉनेटखालचे रबर झिजते. बोटभर अंतर कमी झाले तरी पुरते. कारखान्याने बसवलेला उष्णता अडवणारा पत्रा दुरुस्तीच्या वेळी काढून कोपऱ्यात टाकलेला असतो, हेही नेहमीचेच.

त्यानंतर एअर फिल्टर. तो तुंबला तर इंधन नीट जळत नाही, काळा धूर येतो आणि धुराची उष्णता वाढते. इंधनाचे टायमिंग उशिरा लागले तरी तेच. जाळीत भुसा अडकला असेल, किंवा एका जागी उभा करून ट्रॅक्टरवर फवारणीचा पंप तासन्‌तास चालवला असेल, तर हवा खेळत नाही. सायलेन्सरवर कापूस, कडबा साचला तर प्रश्न बॉनेटपुरता राहत नाही. सगळा ट्रॅक्टर पेटू शकतो. जवळून जाणाऱ्या वायरी आणि डिझेलची नळी यांवरूनही हात फिरवून पाहावे.

मूळ पत्रा गेला असेल तर ॲल्युमिनियमचा नवा करता येतो. तो प्लास्टिकला नव्हे, लोखंडी सांगाड्याला बसवावा, दोन्ही बाजूंनी हवेसाठी बोटभर जागा ठेवून. अंगाला चिकटवलेला पत्रा उष्णता अडवत नाही, उलट पोहोचवतो. मॅनिफोल्डजवळ जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. फार तापल्यास जस्ताची वाफ निघते. ॲस्बेस्टॉसची जुनी दोरी गुंडाळणेही सोडून द्यावे, तिची धूळ फुप्फुसात जाते.

आता जोडकाम. बॉनेटच्या आतल्या बाजूला बहुधा पीपी किंवा एबीएस असा छाप असतो. पीपीवर एम-सील, ॲराल्डाइट टिकत नाही. त्याला त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून जोड द्यावा लागतो. तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तडा व्ही आकारात कोरून भरावा आणि आतून स्टेनलेसची बारीक जाळी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने बसवावी. एबीएस असेल तर त्याचाच चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून लेप चालतो. फायबरचे बॉनेट वितळत नाही, करपते. करपलेला भाग घासून काढावा, काचेची मॅट व रेझिन लावावे. त्या रेझिनचे हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. हे सारे काम उघड्यावर, तोंडावर मास्क बांधून करावे.

येथे आपल्या भंगारवाल्यांनाही वाव आहे. फुटलेली बॉनेट एका ढिगात वजनावर विकण्याऐवजी पीपी व एबीएस वेगळे करून ठेवले, तर त्याच्या पट्ट्या कापून मिस्त्रींना देता येतील. जातीने जुळणारा तुकडा मिळाला की जोड टिकतो, आणि गिऱ्हाईकाला शहरातून नवा भाग मागवण्याची वाट पाहावी लागत नाही.

वॉरंटीतला ट्रॅक्टर मात्र उघडू नये, तो विक्रेत्याकडेच पाठवावा. प्लास्टिकची डिझेल टाकी जोडण्याच्या भानगडीत पडू नये, ती बदलावी. आणि जुना ट्रॅक्टर विकायला काढणारा कोणी म्हणाला, जोडावर रंग मारून दे, कोणाला कळू नये, तर रंग जरूर मारावा. पण जोड कुठे आहे आणि उष्णता कशाने आली होती, हे पावतीवर लिहून द्यावे.