बेत, बेतणे आणि बेताने

या सदरात आपण घरखर्चाची वही, दागिन्यांची नोंद आणि विम्याचे कागद यांचा विचार केला आहे. या वेळी विषय आहे घरातील शिवणाचा कोपरा. हिशेबाच्या सदरात शिवणकाम कोठून आले, असे कोणी विचारील. परंतु आपल्या भाषेनेच या दोहोंची गाठ घालून ठेवली आहे. मनातील योजनेला आपण ‘बेत’ म्हणतो, माप घेऊन कापड कापण्याला ‘बेतणे’ म्हणतो आणि ऐपत पाहून वागण्याला ‘बेताने’ वागणे म्हणतो. हे तिन्ही जेथे एकत्र नांदतात तेथे शिवण पार पडते. त्यांची फारकत झाली, की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण शब्दशः खरी होते.

शिवणयंत्राला आपल्याकडे मान आहे. १९२४ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात गांधीजींनी यंत्रांवर टीका करतानाही सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. हाताने टाके घालणाऱ्या पत्नीचे कष्ट पाहून, प्रेमापोटी ते यंत्र घडवले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली आणि लेकीला लग्नात यंत्र देण्याची रीत घरोघरी रुजली. आज मात्र अनेक घरांत त्या यंत्रावर रद्दी, औषधांचा डबा आणि इस्त्रीचे कपडे विसावलेले दिसतात. शिवायला बसायचे तर आधी अर्धा तास आवराआवर करावी लागते आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. ज्या कामाला घरात जागा नसते, त्याला घरात वेळही मिळत नाही. आणि हळूहळू ते काम करणारीचा उत्साहही अडगळीत जातो. म्हणून हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही.

जागा

स्वतंत्र खोलीची आवश्यकता नाही. चार फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा, एक खिडकी आणि एक विजेचा प्लग एवढे पुरेसे आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी हातशिलाईसाठी प्रकाश डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. यंत्राची पाटी बसल्यावर साधारण कोपराच्या उंचीवर यावी. ती उंच असेल तर खांदे भरून येतात, खाली असेल तर पाठ धरते. साठीनंतर हा विचार चैनीचा राहत नाही. इस्त्री हाताशी असावी, कारण प्रत्येक शिवण इस्त्रीने बसवून मगच पुढची शिवण घातली तर कपड्याला शिंप्याकडची सफाई येते.

वस्तूंची मांडणी बँकेतील रोखपालाच्या खिडकीसारखी करावी. त्याला क्षणोक्षणी लागणारी वस्तू हाताच्या अंतरावर असते, अधूनमधून लागणारी खणात असते आणि क्वचित लागणारी तिजोरीत असते. त्याप्रमाणे कात्री, टेप, खडू, टाचण्या आणि भरलेल्या बॉबिन हाताशी. हुक, बटणे, इलॅस्टिक, रंगवार लावलेली दोऱ्याची रिळे खणात. आणि अस्तराचे कापड, गोधडीची कात्रणे वरच्या फळीवर. रोखपाल जसा दिवसअखेर रोकड जुळवूनच उठतो, तशा टाचण्या मोजून काढाव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. घरात रांगते मूल असेल तर हा हिशेब पैशाच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचा आहे.

यंत्राच्या देखभालीबाबत थोडेच सांगतो. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते. पातळ रेशमी कापडास ११ नंबरची, सुतीस १४ नंबरची आणि जाड कापडास १६ नंबरची सुई वापरावी. सुमारे आठ तासांच्या शिवणीनंतर सुई बदलावी. टाके सुटू लागले, की पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, बोथट सुईचा असतो. तेल यंत्राचेच घालावे. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते आणि फिरते भाग अडकतात. पावसाळ्यात यंत्र कोरड्या फडक्याने पुसून झाकून ठेवावे, म्हणजे गंज धरत नाही.

साठा

आता माझ्या जुन्या कामाचा विषय. व्यापाऱ्यास कॅश क्रेडिट दिले, की बँक त्याच्याकडून दरमहा मालाचे पत्रक घेते आणि अधिकारी अधूनमधून गोदामात जाऊन माल प्रत्यक्ष पाहतो. ठरावीक मुदतीपेक्षा जुना, हालचाल नसलेला माल गोदामात कितीही रचलेला असला, तरी उचल ठरवताना तो धरला जात नाही. शिवाय मालाचे मूल्य मूळ किंमत आणि विकून हाती येईल ती किंमत, यांपैकी जी कमी असेल तीच धरायची, हा हिशेबशास्त्राचा नियम आहे. दुकानात हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. घरच्या कपाटातील कापडाला मात्र आपण हा नियम लावत नाही. सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले, कोणाच्या ओटीत आलेले, दुकानातून कटपीस म्हणून घरी आणलेले असे कापड साचत जाते आणि ‘आपल्याकडे भरपूर आहे’ या समाधानात राहते.

दिवाळीपूर्वी दुकानात शिल्लक मालाची मोजदाद होते, त्याच सुमारास कपाटातील कापडाचीही करावी. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी टाचावी: लांबी किती, पन्हा किती, कोणत्या वर्षी घेतला, कोणासाठी आणि कशासाठी. सुती कापड आधी पाण्यातून काढले आहे की नाही, हेही लिहावे. कोरे सुती बेतले आणि मग आटले, तर केलेले सारे माप वाया जाते. मग तीन भाग करावेत. कच्चा माल म्हणजे न कापलेले कापड, अर्धसिद्ध माल म्हणजे कापून किंवा अर्धे शिवून ठेवलेले आणि पक्का माल म्हणजे हुक, काजे, तुरपाईसह पूर्ण झालेले. बहुतेक घरांत खरी अडचण मधल्या भागात सापडते.

आमच्या ओळखीच्या एका बाहत्तर वर्षांच्या भगिनींनी गेल्या वर्षी अशी मोजदाद केली. घराचे नूतनीकरण झाले तेव्हा त्यांचे यंत्र पोटमाळ्यावर गेले होते. सुनेने आग्रहाने ते खाली काढून गॅलरीच्या खिडकीशी मांडले. अर्धवट कामे निघाली अकरा. सात त्यांनी पूर्ण केली. तीन, ज्यांच्यासाठी बेतली होती त्या मुली मोठ्या झाल्याने, शिवण शिकणाऱ्या एका मुलीस देऊन टाकली. एक झबले उसवून त्याचे कापड गोधडीत लावले. तळाशी मात्र एक शर्टाचे कापड होते, दिवंगत यजमानांनी स्वतःसाठी आणलेले, नऊ वर्षे न कापलेले. त्यावर कात्री चालवायला त्यांचा हात धजावेना.

अशा वेळी कोणताही हिशेबनीस गप्प राहील, आणि त्याने राहावेच. प्रत्येक वस्तू माल नसते. म्हणून माझी सूचना अशी, की वहीत ‘स्मरण’ असे एक निराळे पान ठेवावे आणि त्यासाठी एकच डबा राखावा. त्यात जे मावेल त्यास मुदत नाही, मूल्यांकन नाही. परंतु डबा एकच. कारण सारे कपाटच स्मरणाचे झाले, तर आजच्या माणसांसाठी काही शिवायला जागा उरत नाही. त्या भगिनींनी ते कापड दोन महिने डब्यात ठेवले आणि नंतर आपण होऊन बाहेर काढले. कॉलेजात जाणाऱ्या नातवाच्या मापाचा कुर्ता त्यांनी बेतला. वरून उरलेला वीतभर तुकडा तेवढा डब्यात परत गेला.

उद्दिष्ट

‘यंदा पुष्कळ शिवायचे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. उद्दिष्टाला आकडा हवा आणि तो कपड्यांच्या संख्येत नव्हे, तासांत मोजावा. समजा आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी दोन तास बसता येते. चार आठवड्यांचे सोळा तास झाले. पाहुणे, आजारपण, अचानक आलेली कामे यांसाठी चतुर्थांश वजा करावेत; उरले बारा. अस्तराच्या एका ब्लाउजला स्वतःच्या घड्याळाने चार तास लागत असतील, तर महिन्याला तीन ब्लाउज हीच आपली ऐपत. पाचांचा बेत करणे म्हणजे ऐपतीपेक्षा अधिक कर्ज घेणे होय. व्याज मनस्तापाच्या रूपाने भरावे लागते.

दोन नियम उपयोगी पडतात. पहिला, एका वेळी दोनच कामे अर्धसिद्ध असावीत. त्यातले एक पूर्ण होऊन हँगरला लागल्याशिवाय तिसरे कापड कापू नये. दुसरा, कामाचे टप्पे पाडावेत. एका बैठकीत फक्त बेतणे, दुसरीत यंत्राची शिवण आणि तुरपाई, हुक, काजे यांसाठी एक लहान टोपली, जी गप्पांच्या वेळी किंवा प्रवासातही बरोबर नेता येते. वर्षाचे पंचांगही समोर ठेवावे. लग्नसराई, पर्युषण, दिवाळी या दिवसांत यंत्राचे झाकण उघडणार नाही, हे आधीच मान्य करावे आणि सणाचे कपडे सणाच्या पंधरा दिवस आधी पूर्ण होतील अशी उलटी मोजणी करावी.

शेवटी एक गोष्ट घरातील पुरुषांसाठी. शिवणाच्या वहीत प्रत्येक पूर्ण कामासमोर कापडाचा खर्च, लागलेले तास आणि बाहेर शिवले असते तर पडली असती ती शिलाई, एवढे लिहिले जावे. मजुरी मागण्यासाठी ही नोंद नाही. आपल्या घरांत पै-पैची नोंद होते, पण या तासांची नोंद कोणत्याच वहीत नसते. आणि जे वहीत नसते ते नाहीच, असे समजण्याची आपल्याला सवय आहे. वर्षाअखेर ती बेरीज एकदा शांतपणे वाचावी. मग यंत्रावरची रद्दी कोणी उचलायची, हा प्रश्न कोणाला विचारावा लागणार नाही.

पुढील अंक येईपर्यंत तीन पाने भरून ठेवावीत: साठा, अर्धवट कामे आणि स्मरण. पुढील वेळी आपण बँक खात्यातील वारसनोंदीचा विचार करू.