कुत्र्यांच्या शाळेतला हिशेब

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी सहा आठवडे थोरल्या वन्संकडे इंग्लंडला राहून आले. आल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंस? लंडनचा राजवाडा पाहिला, तोही बाहेरून. संग्रहालयं पाहिली, पाय दुखेपर्यंत. पण मनात घर करून राहिली ती दर बुधवारी संध्याकाळी भरणारी कुत्र्यांची शाळा! हसू नका, खरंच सांगते.

लिव्हरपूलहून बोटीने मर्सी नदी ओलांडली की पलीकडे वॉलसी लागतं. वन्संचं घर तिथे. माहेरी असताना ह्याच वन्सं कुत्रं दिसलं की रस्ता बदलायच्या. तिकडे मुलांच्या हट्टापायी लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरात आलं, मुलं यथावकाश शिकायला बाहेर पडली आणि तोवर तीस किलोचा झालेला तो गडी वन्संच्या गळ्यात पडला. फिरायला निघालं की तो पुढे आणि ह्या मागे फरपटत. एकदा अशाच घसरून पडल्या आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघाल्यावर शेजारच्या बाईंनी त्यांना हाताला धरूनच गावातल्या कुत्रे शिकवण्याच्या क्लबात नेलं.

क्लब म्हणजे काय, तर चर्चचा एक हॉल आठवड्यातून एक संध्याकाळ भाड्याने घेतलेला. दहा-बारा कुत्री, तेवढीच माणसं, प्रत्येकाजवळ एक चटई आणि खिशात चीजचे बारीक तुकडे. शिकवणाऱ्या बाई पगार घेत नाहीत. ओरडणं नाही, मारणं तर नाहीच. पहिल्या दिवशी बाईंनी वन्संना सांगितलं, ''कुत्र्याचं मागाहून बघू. आधी तुम्ही दोरी ओढायची थांबवा.'' युक्ती अगदी साधी. कुत्र्याने ओढलं की आपण जागच्या जागी उभं राहायचं. दोरी सैल पडली की चालू लागायचं, आणि लगेच चीजचा तुकडा द्यायचा. ओढून काही मिळत नाही आणि सैल सोडली की सगळं मिळतं, हे त्याला चार दिवसांत कळतं. मी अर्धवेळ का होईना, पाचवीच्या वर्गाला शिकवते. मला ते ऐकून उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

तिथल्या केनेल क्लबने १९९२ साली कुत्र्यांसाठी चांगल्या नागरिकाची परीक्षा सुरू केली. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तिच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला कुत्र्याने न ओढता चालायचं, माणसांच्या आणि इतर कुत्र्यांच्या गर्दीतून शांतपणे जायचं, हाक मारली की यायचं आणि एक मिनिट जागेवर बसून राहायचं. एक मिनिट म्हणजे किती, ते समोर मांजर आलं की समजतं! परीक्षा मालकाचीही असते. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव-पत्ता आहे का, रस्त्यावरची घाण उचलायला जवळ पिशवी आहे का, हे पाहतात. पिशवी नसली तर कुत्रा कितीही हुशार असो, मालक नापास.

आता तुम्ही म्हणाल, कुत्री शिकली, मालक शिकले, गावाला त्याचं काय? तर ऐका. क्लबातली काही शांत कुत्री वृद्धाश्रमात भेटीला जातात. १९८३ साली तिकडे एका बाईंनी ह्या कामासाठी संस्थाच काढली. कुत्र्याची नीट पारख करूनच त्याला अशा भेटींना पाठवतात. मी एकदा बरोबर गेले होते. एका आजीबाईंनी चहाबरोबरचं बिस्किट रुमालात बांधून वन्संच्या कुत्र्यासाठी ठेवलं होतं. खायला घालायची परवानगी नव्हती. वन्संनी ते हसून घेतलं, पिशवीत टाकलं आणि परतताना गाडीत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपल्या सासूबाईंच्या अखेरच्या दिवसांत त्यांना इकडे येता आलं नव्हतं, ते मला माहीत होतं. मीही विचारलं नाही.

शाळांतही ही मंडळी जातात आणि मुलांना तीन गोष्टी शिकवतात. मालकाला विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही. ते खात असेल, झोपलं असेल किंवा पिल्लांजवळ असेल तर जवळ जायचं नाही. अंगावर धावून आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. आपल्याकडे ह्याला चौथी गोष्ट जोडायला हवी. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की त्यातून माणूस सहसा वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र तो टळतो.

उन्हाळ्यात क्लबाचा मेळा भरतो, कुत्र्यांचा. त्यात जातिवंतपणा कोणी बघत नाही. सर्वांत जोरात शेपूट हलवणारा कोण, सर्वांत रुबाबदार म्हातारा कोण, परीक्षकाला घरी न्यावासा वाटेल असा कोण, अशा स्पर्धा. एका हातात चमच्यात अंडं आणि दुसऱ्या हातात कुत्रा, अशी शर्यत मी डोळ्यांनी पाहिली. बाजूला घरी केलेल्या केकांचं टेबल असतं (वन्संच्या रवा-नारळाच्या वड्या सर्वांत आधी संपल्या, हे सांगितलंच पाहिजे) आणि एका टेबलावर रॅफलची तिकिटं. सगळा पैसा अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेला.

वॉलसीत ह्या कामाला मान आहे, कारण ब्रिटनमध्ये ते सुरूच तिथे झालं. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्री शिकवत असत. डोरथी युस्टिस नावाच्या अमेरिकन बाईंनी त्यावर १९२७ साली लेख लिहिला. पुढे म्यूरिएल क्रुक आणि रोझमंड बाँड ह्या दोन इंग्लिश बायकांनी त्यांच्याशी संधान बांधलं आणि वॉलसीतल्या एका साध्या गॅरेजमध्ये शिक्षण सुरू केलं. १९३१ साली पहिली चार कुत्री तयार झाली: ज्यूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा. पुढे १९६४ साली बीबीसीच्या 'ब्लू पीटर' ह्या मुलांच्या कार्यक्रमाने चंदेरी कागद आणि दुधाच्या बाटल्यांची टोपणं गोळा करायला सांगितलं. मुलांनी ढिगाने पाठवली, आणि त्या रद्दीतून अंधांसाठी कुत्री आली. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या आपल्या आयांना हे नक्की आवडलं असतं.

पण मला खरं सांगायचंय ते वन्संच्या हिशेबाचं. कुत्र्यापायी क्लबात गेलेल्या वन्सं तीन वर्षांत तिथल्या खजिनदार झाल्या. इकडे भिशीची वही ठेवायची सवय होतीच. एका साली मेळ्याच्या दिवशी धो धो पाऊस आला. केक भिजले, माणसं फिरकली नाहीत. फक्त आधी विकलेल्या रॅफलचे पैसे हाती होते आणि हॉलचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. वन्सं सभेत म्हणाल्या, ''तूर्त रॅफलमधून भाडं देऊन टाकू. पुढच्या वर्षी भरून काढू.''

एक म्हातारे सभासद उठले. आवाज न चढवता म्हणाले, ''तिकिटावर काय छापलंय ते वाचा.'' तिकिटावर अंधांच्या कुत्र्यांसाठी असं छापलं होतं. ''ज्यांनी तिकीट घेतलं त्यांनी पैसे त्यांना दिलेत, आपल्याला नव्हे. आपण फक्त पोचवणारे.''

वन्सं सांगत होत्या, ''अगं, कानशिलं तापली माझी. चोरी करायला निघाले होते असं वाटलं. घरी येऊन राजीनामाही लिहिला.'' तो दिला मात्र नाही. क्लबाने रॅफलचे पैसे जसेच्या तसे पोचवले, आणि भाडं वाचवायला सगळा उन्हाळा शाळा बागेत भरवली, पावसात छत्र्या घेऊन. तेव्हापासून वह्या दोन. क्लबाची वेगळी, दानाची वेगळी. डबा दोघांनी मिळून उघडायचा, आणि ते दोघे एका घरातले नकोत. तिथे रस्त्यावर डबा घेऊन उभं राहायचं तर नगरपालिकेची परवानगीही लागते.

हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या महिला मंडळाने दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अंध मुलांच्या वसतिगृहासाठी वर्गणी जमवली होती. त्यातून खुर्च्यांचं भाडं आणि आइस्क्रीमचं बिल दिलं आणि उरलं ते पाठवलं. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. त्या खर्चाच्या कागदावर माझीही सही आहे.

परत आल्यावर मी सभेत विषय काढला. कुणी म्हणालं, जुनं कशाला उकरतेस. कुणी म्हणालं, आइस्क्रीम तूही खाल्लं होतंस, आणि ते खरंच होतं. ह्यांनीही घरी सांगितलं, ''जाऊ दे ना आता.'' शेवटी आम्ही अकराजणींनी आपापल्या पर्समधून ती रक्कम भरून काढली आणि वसतिगृहात नेऊन दिली. दोघी मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत. भाजी घेताना भेटलो तरी मान वळवतात. मंडळात नवीन वही झाली आहे आणि डब्याची किल्ली माझ्याकडे नाही, समोरच्या काकूंकडे आहे.

रविवारी वन्संचा फोन आला तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. त्या गप्प ऐकत होत्या. मागे कुत्रा भुंकत होता. मग म्हणाल्या, ''पावती घेतलीस का?''