पाव कुणाचा?

बेकरीत जाऊन 'पाव डझन पाव द्या' म्हणा. दुकानदार न चुकता तीन पाव कागदात बांधून देईल. त्यातला पहिला पाव संस्कृतातून आलेला, दुसरा पोर्तुगालहून, आणि एकाच वाक्यात शेजारी बसूनही दोघांची टक्कर होत नाही. मला हे भारी वाटतं.

पहिल्याचं मूळ 'पाद'. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे पायही आणि चतुर्थांशही. त्यातला पाय हिंदीत 'पाँव' झाला, मराठीत 'पाय'. चौथा हिस्सा मात्र दोन्हीकडे 'पाव'. पाऊण, पावणेदोन, पावशेर, आजोबांच्या पिढीची पावकी, सगळी त्याचीच पिल्लं. देव 'पावतो' तो वेगळ्या घरचा, त्याचं नातं 'प्राप्त'शी. आमच्या घरी कोकणी चालते, आणि कोकणीत पावप म्हणजे पोचणं. मम्मी फोनवर 'बस पावली?' विचारते तेव्हा माझी मराठी मैत्रीण म्हणते, कुठला नवस बोलली होतीस गं?

बेळगावात राहून कन्नड सोडून कसं चालेल? तिथं 'पावु' म्हणजे धान्य मोजायचं माप, शेराचा चौथा हिस्सा. आणि जुन्या कन्नडात 'पावु' म्हणजे चक्क साप! पुढे शब्दाच्या सुरुवातीचा 'प' जाऊन 'ह' आला आणि साप 'हावु' झाला. नाहीतर आमच्या बाजारात काय गोंधळ उडाला असता.

आता खायचा पाव. पोर्तुगीज 'पांव', त्याच्यामागे लॅटिन 'पानिस'. हाच शब्द पोर्तुगिजांबरोबर जपानला गेला आणि तिथं 'पान' झाला. (आपल्याकडे त्याला चुना-कात लावला असता.) गोव्यात यीस्टच्या जागी माडाची सूर घालून पीठ फुगवायचे. पाव भाजणारा तो पोदेर, हाही शब्द पोर्तुगीज.

पण याच शब्दाच्या दोन व्युत्पत्त्या लोक ठासून सांगतात. एक, लादीचा चौथा भाग म्हणून पाव. ही निरुपद्रवी आहे. दुसरी, पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव. ही मला तितकी निष्पाप वाटत नाही. ज्यांच्या हातचं खायचं नाही, त्यांचे हात सोडून पाय दाखवले की काम सोपं होतं. आपल्याकडे खाण्यावरून वाळीत टाकणं काही नवं नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांच्या मागेसुद्धा ग्रामण्य लागलं होतं.

तिसरी गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली असते: विहिरीत पाव टाकला, गावानं पाणी प्यालं, गाव बाटलं. मागे एका वादविवाद स्पर्धेत एका वक्त्यानं ती विनोद म्हणून सांगितली आणि आमच्या बाकाकडे बघत 'पाववाले' म्हणाला. सभागृह हसलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं दोन वडापाव खाल्ले. मी मोजले.

माझी तक्रार त्या एका मुलाबद्दल नाही. एकच शब्द वड्याला चिकटला की मराठी अस्मिता होतो आणि माणसाला चिकटला की परका, हा हिशोब मला पटत नाही. वडापाव उघडून बघा. बटाटा हा पोर्तुगीज शब्द, पाव पोर्तुगीज, आणि मिरची त्याच जहाजांतून आलेली. बेसन तेवढं जुनं. तरी त्याला कुणी उपरं म्हणत नाही, आणि म्हणूही नये. चावीनं घर उघडताना किंवा बादली भरताना कुणी बाटत नाही. मग पाव भाजणाऱ्याच्या घरातली मुलगी मराठी साहित्य शिकते याचं कौतुकमिश्रित आश्चर्य तरी का वाटावं? 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' हे वाक्य मला शिवीपेक्षा जास्त टोचतं. शिवीला उत्तर देता येतं.

गंमत म्हणजे मराठी बायबलात पाव नाहीच, तिथं 'भाकर' आहे. आमच्या सोसायटीत एकानं विचारलं, मग तुम्ही पाव आमचा म्हणून का भांडता? मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. भाषांतर करणाऱ्यांनी भाकर निवडली, कारण इथं भुकेल्या माणसाच्या तोंडी तोच शब्द येतो. फार चांगली निवड केली. म्हणून पाव परका ठरत नाही, आणि भाकर फक्त तुमची होत नाही. आमच्या घरी रात्री भाकरी असते, सकाळी पाव. शिळा झाला तर चहात बुडवून.