‘चालतंय ना? मग हात लावू नको!’

इन-प्लँट ट्रेनिंगला गेलेल्या प्रत्येकाने हा कंप्युटर पाहिलेला असतो. कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात, पिवळा पडलेला, धुळीने माखलेला. स्क्रीनवर विंडोज एक्सपी आणि मॉनिटरवर चिकटवलेला कागद, ‘कृपया हात लावू नये’. आपण हसतो आणि पुढे जातो. पण मित्रांनो, ज्या दिवशी त्याची हार्ड डिस्क बसेल, त्या दिवशी काय?

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? नवीन कंप्युटर आणा, सीडी घाला, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश! शिवाय मशीन तर पीएलसी चालवतो. खरं आहे, कंप्युटर गेला म्हणून पीएलसी थांबत नाही. पण स्काडाची स्क्रीन गेली की ऑपरेटर आंधळा होतो, आणि साधा टायमर बदलायचा म्हटलं तरी प्रोग्रॅम उघडणार कुठे? साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात असं झालं तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, आणि शेतकऱ्याला पैसे वजनावरच मिळतात. म्हणजे आपल्या ‘कंपॅटिबिलिटी’ची किंमत भरतो भलताच माणूस.

नव्या कंप्युटरवर गाडी अडते तरी कुठे? पहिली अडचण विंडोजचीच. ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि ३२-बिट ड्रायव्हरही चालत नाहीत. दुसरी अडचण केबलची. सीमेन्सच्या जुन्या पीएलसीशी बोलायला सीपी ५६११ हे पीसीआय कार्ड लागायचं, पण आजच्या बहुतेक मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. सिरियल पोर्ट गेला म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावावा, तर पिन दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली की कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर बिचारं जुन्याच नंबरवर हाका मारत बसतं. तिसरी लायसन्सची. कित्येक जुन्या पॅकेजचं लायसन्स फ्लॉपीवरून हार्ड डिस्कवर ‘हलवावं’ लागायचं. डिस्क मेली की लायसन्सही तिच्याबरोबर सती!

गंमत म्हणजे कधीकधी नवा कंप्युटर फार फास्ट असतो हीच अडचण होते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक डॉस प्रोग्रॅम सुरुवातीला कंप्युटरचा वेग मोजायचे. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचा प्रोसेसर आला की ते उत्तर ठरलेल्या जागेत मावेना, आणि ‘रनटाइम एरर २००’ देऊन प्रोग्रॅम सुरू होताक्षणीच बंद!

बरं, कंप्युटर तोच ठेवला तरी सुटका नाही. ओपीसीची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टच्या डीकॉमवर उभी आहे. २००४ साली एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, डीकॉमचे नियम कडक झाले, फायरवॉल आपोआप चालू झाली आणि ठिकठिकाणी ओपीसी गप्प झालं. मार्च २०२३ मध्ये डीकॉमची नवी सुरक्षा सक्तीची झाली, तेव्हा पुन्हा तीच कथा.

म्हणून ‘हात लावू नको’ म्हणणाऱ्या जुन्या टेक्निशियन काकांना मी हसणार नाही. त्यांनी हे सगळं रात्रपाळीत भोगलंय. पण मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अपडेट नसलेलं मशीन नेटवर्कवर ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी कंपनीत एक नवं मशीन व्हायरस न तपासता जोडलं गेलं, आणि चिप बनवणाऱ्या प्लँटमधली मशीन बंद पडली.

माझं म्हणणं एवढंच, की हात लावायचाच, पण मशीन चालू आहे तोवर. आधी हार्ड डिस्कची पूर्ण इमेज काढा. मग नव्या कंप्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी विंडोज टाकून बघा, फक्त तिला इंटरनेट दाखवू नका. आत बसवायचं कार्ड तिथे चालेलच असं नाही, म्हणून केबलसकट तपासा, आणि तेही शटडाऊनमध्ये, प्रॉडक्शन चालू असताना नव्हे. सर्वात महत्त्वाचं म्हणजे मूळ प्रोजेक्ट फाइल दोन ठिकाणी जपा. एस७-३०० सारख्या जुन्या पीएलसीमधून प्रोग्रॅम परत काढता येतो, पण साधारणपणे त्यात कॉमेंट आणि सिम्बॉलची नावं येत नाहीत. लॉजिक मिळतं, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं ‘का’ मिळत नाही. एखादा इंटरलॉक कशासाठी घातलाय हे माहीत नसताना तो काढून टाकणारा इंजिनियर एखाद्याचा हात मशीनमध्ये घालवू शकतो.

आणि आपण लॅबमध्ये काय करतो? नव्या सॉफ्टवेअरवर ट्रॅफिक सिग्नलचा लॅडर काढतो, जर्नल पूर्ण करतो, सही घेतो. नोकरीत मात्र पहिल्याच महिन्यात हातात पडतो तो जुना प्रोजेक्ट आणि नवा लॅपटॉप. म्हणून आपल्या विभागाला नम्र विनंती. दर टर्मला एकच प्रॅक्टिकल असं द्या, की जुन्या कंप्युटरवरचं चालू ॲप्लिकेशन नव्यावर न्यायचं आणि पुढच्या बॅचला समजेल असं लिहून ठेवायचं. मार्क कमी दिलेत तरी चालेल सर, पण हे प्रॅक्टिकल द्याच!