पद एकीचे, सत्ता कोणाची?

मुस्लिम राष्ट्राची धुरा स्त्रीच्या हाती असावी की नसावी, हा वाद अजूनही अधूनमधून डोके वर काढतो. आमच्या मते पाकिस्तानच्या इतिहासाने त्याचा निकाल केव्हाच लावला आहे. मात्र तो लावताना त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न त्याने पुढे ठेवला आहे.

जानेवारी १९६५ मध्ये अयूबखानांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या त्या फातिमा जीना. कायदेआझमांच्या या भगिनी एके काळी मुंबईत दंतवैद्यकाचा व्यवसाय करीत असत. स्त्रीने राष्ट्रप्रमुख होणे धर्माला संमत नाही, असे फतवे अयूबखानांच्या समर्थकांनी उलेमांकडून मिळविले. उलट, एरवी तेच मत बाळगणाऱ्या जमाते इस्लामीने अपवादात्मक परिस्थितीचे कारण सांगून फातिमा जीनांना पाठिंबा दिला. धर्मवचन एकच, अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या सोयीचा! त्या हरल्या, परंतु मताचा अधिकार तेव्हा सामान्य जनतेला नव्हता, तो होता अवघ्या ऐंशी हजार निर्वाचकांना. त्या पराभवाचे खापर लोकांच्या धर्मश्रद्धेवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

१९८८ साली सामान्य मतदाराने कौल दिला, तेव्हा बेनझीर भुत्तो यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला व त्या पंतप्रधान झाल्या. आधुनिक काळात मुस्लिम राष्ट्राच्या निर्वाचित सरकारचे नेतृत्व करणारी ही पहिलीच स्त्री. परंतु पुढे काय घडले? झिया-उल-हक यांनी १९७९ साली आणलेले हुदूद कायदे त्यांच्या दोन्ही कारकीर्दींत कायम राहिले. बलात्काराची फिर्याद घेऊन आलेली स्त्रीच पुराव्याअभावी व्यभिचाराची आरोपी ठरावी, असे हे कायदे! त्यांत महत्त्वाची दुरुस्ती झाली ती २००६ साली, जनरल मुशर्रफ यांच्या राजवटीत. राष्ट्रीय सभेतील स्त्रियांच्या राखीव जागा १९८८ च्या निवडणुकीनंतर मुदत संपून गेल्या. त्याही परत आल्या २००२ साली, मुशर्रफ यांच्याच अमदानीत.

बेनझीरबाईंचे बहुमत तोकडे होते, राष्ट्राध्यक्षांच्या हाती बडतर्फीचे शस्त्र होते आणि लष्कराची नजर करडी होती, हे आम्ही विसरत नाही. १९९० व १९९६ अशा दोन्ही वेळी मुदतीपूर्वीच त्यांना पदच्युत करण्यात आले. परंतु आमचे म्हणणे नेमके हेच आहे. पित्याच्या पुण्याईने मिळालेले पद एकाकी असते. कायदेमंडळात, न्यायासनावर आणि जिल्ह्याच्या कारभारात स्त्रिया मोठ्या संख्येने नसतील, तर शिखरावरील एकट्या स्त्रीच्या पाठीशी उभे राहावयाचे कोणी? पाकिस्तानातील एखाद्या प्रांताला पहिली स्त्री मुख्यमंत्री लाभावयास २०२४ साल उजाडावे लागले. आणि पंजाबचे ते पद भूषविणाऱ्या मरियम नवाझ याही माजी पंतप्रधानांच्याच कन्या!

स्त्रीला राज्य करता येते काय, हा प्रश्न आता निरर्थक आहे. नाव नसलेल्या घरातील मुलीला राज्यकारभारात वाट मिळते काय, आणि फिर्याद घेऊन आलेल्या स्त्रीला निर्भयपणे न्याय मागता येतो काय, याच कसोटीवर यापुढे प्रत्येक राज्यकर्तीची, आणि तितकीच प्रत्येक राज्यकर्त्याचीही, परीक्षा झाली पाहिजे.