आमे, पी-चान आणि मी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे गुडघ्याने त्रास दिला, मग लग्नसराई आली, मग नुसता आळस. सबबी हव्या तेवढ्या आहेत. आजचा विषय वाचून आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे तरी म्हणतील, "काकूंना म्हातारपणी हे काय सुचलं!" कारण विषय आहे संगणकावरचा एक खेळ. तोही लहान मुलांचा नव्हे, चांगला मोठ्यांचा आणि अंगावर येणारा.

झालं असं, की दिवाळीत नात घरी आली होती. बावीस वर्षांची आहे, पुण्यात शिकते. एका दुपारी सूनबाई चहा घेऊन तिच्या खोलीत गेल्या तर पडद्यावर गुलाबी-जांभळ्या रंगात एक मोठ्या डोळ्यांची मुलगी रडते आहे आणि आमची कन्यका तिने आता काय करावं ते बटण दाबून ठरवते आहे. सूनबाई घाबरल्या. चहा तसाच हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "आई, तुम्हीच बोला तिच्याशी. तुमचं ऐकते ती."

मी गेले बोलायला. तर ही म्हणते, "आजी, आधी बघ, मग बोल. तूच सांगायचीस ना, पुस्तक न वाचता त्यावर मत देऊ नका म्हणून?" तेहतीस वर्षं वर्गात जे बोलले ते असं कधी ना कधी माझ्याच गळ्यात येतं! बसले मग तिच्या शेजारी खुर्ची ओढून. एक नाही, तीन दुपारी. इंग्रजी माझं बेताचंच, त्यामुळे ती खेळत होती आणि मला मराठीत सांगत होती.

खेळाचं नाव 'नीडी स्ट्रीमर ओव्हरलोड'. मूळ जपानी, तिकडे त्याला 'नीडी गर्ल ओव्हरडोस' म्हणतात. २१ जानेवारी २०२२ ला तो आला. कल्पना आणि लेखन न्यालरा या नावाने लिहिणाऱ्या जपानी लेखकाचं. 'नीडी'ला मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही. कुणीतरी आपल्याला सतत हवं म्हणावं यासाठी आसुसलेली, असं काहीतरी.

मुलीचं नाव आमे. जपानीत आमे म्हणजे पाऊस, आणि उच्चार तोच ठेवून दुसरा अर्थ खाऊची गोळी. (आपल्याकडेही गोळी लिमलेटची असते आणि डॉक्टरांचीही. या खेळात तिच्या आयुष्यात दोन्ही आहेत, तेव्हा मला ते नाव फारच चपखल वाटलं.) ही आमे एकटी, बेभरवशाची, मनाने आजारी. पण रंगीत केसांचा टोप चढवून कॅमेऱ्यासमोर बसली की ती एकदम इंटरनेटवरची देवदूत होते. हजारो लोक तिला लाइव्ह बघतात. त्यांना आमे ठाऊकच नाही, फक्त देवदूत ठाऊक. तिची खातीही दोन आहेत. एकावर देवदूत गोड गोड बोलते आणि दुसऱ्या, लपवलेल्या खात्यावर आमे मनातलं ओकते.

आणि खेळणारा कोण? तर पी-चान. तिचा प्रियकर आणि तिचा व्यवस्थापक, दोन्ही एकच. मुदत तीस दिवसांची. तेवढ्यात दहा लाख चाहते जमवून द्यायचे. दिवसाचे तीन भाग: दुपार, संध्याकाळ, रात्र. लाइव्ह फक्त रात्री. बाकी वेळात तिला झोपवायचं, फिरवायचं, इंटरनेटवर भटकू द्यायचं की औषध द्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. पडद्यावर चार आकडे कायम दिसतात: चाहते, ताण, माया आणि मनातला काळोख. लाइव्ह चालू असताना लोकांचे शेरे भराभरा सरकत असतात, त्यातले घाणेरडे तुम्ही पुसायचे. आणि हे सगळं एका जुन्या धाटणीच्या संगणकाच्या पडद्यावर, थेट आमच्या शाळेत पहिल्यांदा आलेल्या संगणकासारख्या. शेवट वीसहून अधिक आहेत. बहुतेक वाईट. ती तुटते, हरवते, स्वतःला इजा करते. खेळाच्या माहितीत तशी स्पष्ट सूचना दिलेली आहे, हे सूनबाईंना मुद्दाम दाखवलं.

आता मुद्द्यावर येते. या खेळाबद्दल खेळणाऱ्यांचीच मतं एक नाहीत. एकूण कौतुक पुष्कळ आहे, पण त्याच्या आत भांडण आहे. नातीच्या चार मैत्रिणींपैकी दोघी एका बाजूला, एक दुसऱ्या आणि चौथीने खेळ अर्ध्यावर सोडला. तिघींशी मी फोनवर बोलले. (आजी मुलाखत घेते आहे म्हणून त्यांना भारी गंमत वाटली.)

एकीचं म्हणणं, की हा खेळ आजाराला नटवतो. रडणं गुलाबी, औषधं रंगीत, गाणी ठेका धरायला लावणारी. जपानीत 'मेनहेरा' असा एक शब्द आहे. 'मेंटल हेल्थ'चा अपभ्रंश. तिथल्या एका जुन्या चर्चामंडळावर मनाच्या आजाराने त्रस्त माणसं एकमेकांशी बोलायची, त्यातून तो आला. आधी तो त्यांनी स्वतःसाठी वापरलेला शब्द होता. मग लोकांनी तो चिकट, रडव्या, गळ्यात पडणाऱ्या मुलींना चिडवायला घेतला, आणि पुढे त्याची एक वेशभूषाच झाली. तर या मुलीचं म्हणणं, की खेळ त्या वेशभूषेत भरच घालतो. हे मला खोडून काढता येत नाही. मुलीची प्रतिमा झाली की तिचं काय होतं हे सांगणारा खेळ, आणि त्याच मुलीच्या छोट्या मूर्ती लोक विकत घेऊन कपाटात मांडतात! मैत्रीण म्हणाली, "आजी, कुणी आमेची मूर्ती मागत नाही हो. सगळ्यांना देवदूतच हवी असते." ही पोरगी हुशार आहे.

दुसरी तक्रार खेळ म्हणूनच्या उणिवेची. आकडे वर-खाली करण्यापलीकडे यात काही नाही, सगळे शेवट बघायचे तर तेच तेच तीस दिवस पुन्हा पुन्हा काढावे लागतात, कंटाळा येतो. इथे मात्र मी वेगळं म्हणेन. प्रेम जुळवण्याचे खेळ जपानात जुनेच आहेत. नातीने मला १९९४ सालच्या, कोनामी कंपनीच्या 'तोकिमेकी मेमोरियल'ची गोष्ट सांगितली. त्यात शाळेची तीन वर्षं असतात आणि खेळणारा मुलगा आपला अभ्यास, आपला व्यायाम, आपलं रूप यांचे आकडे वाढवतो, कुणीतरी मुलगी आपल्याला पसंत करावी म्हणून. म्हणजे राबायचं त्याने. इथे आकडे तिचे आहेत. ताण तिचा, काळोख तिचा, आणि वाढवणारे-कमी करणारे आपण. पहिल्या दिवशी आपण तिला 'बिचारी' म्हणतो. दहाव्या दिवसापर्यंत आपल्याला तिचा ताण ही एक अडचण वाटू लागते, कारण त्यापायी आज रात्रीचं लाइव्ह हुकेल. हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. नात म्हणाली, "आज हिला झोपवूया का?" तर मीच म्हणाले, "अगं, चाहते किती कमी पडताहेत बघ. आज एक होऊन जाऊ दे."

बोलले आणि गप्प झाले.

इथे थोडं मागे जावं लागेल. ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शिकवत होते. सातवीत एक मुलगी होती, आवाज असा की मागच्या बाकापर्यंत शब्द स्वच्छ पोचायचा. मी तिला वक्तृत्व स्पर्धांना नेऊ लागले. भाषण मी लिहायचे, हातवारे मी बसवायचे, कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा तेही मीच. दोन वर्षांत तिने शाळेला किती फिरत्या ढाली आणून दिल्या! मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट भरलं. पालकसभेत तिचं नाव निघायचं आणि त्यामागोमाग माझंही.

व्यासपीठावर जायच्या आधी ती दर वेळी मागे जाऊन उलटी करायची. मला ठाऊक होतं. माझ्या पर्समध्ये तिच्यासाठी आलेपाकाच्या वड्या असायच्या. एक वडी तोंडात टाकायची, पाठीवर थाप मारायची आणि पुढे ढकलायची. बाकी काय होतंय असं मी एकदाही विचारलं नाही. उत्साहाने होतं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

नववीत असताना कराडला स्पर्धा होती. ती माईकपुढे उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. घंटा वाजेपर्यंत नुसती समोर बघत उभी. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, तुम्ही रागावलात?" मी "नाही" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले, थेट आमचं गाव येईपर्यंत. पुढच्या स्पर्धेसाठी मी दुसरी मुलगी निवडली.

या खेळात आमे पी-चानला सतत निरोप पाठवत असते. आवडते ना मी तुला? काहीतरी बोल ना. तिसऱ्या दुपारी ते निरोप वाचताना मला ती एसटी आठवत होती. नातीला सांगितलं नाही तेव्हा. आता वाचेलच.

यापुढचा परिच्छेद ज्यांना हा खेळ खेळायचा आहे त्यांनी गाळावा. एक गुप्त शेवट आहे, त्यावर खेळणारे पुष्कळ वाद घालतात. त्यात कळतं की पी-चान असा कुणी नव्हताच, एकट्या आमेने मनाशी रचलेला तो सोबती होता. पुष्कळांना हा शेवट सर्वांत करुण वाटतो. तिला सांभाळायला, निदान वापरायलासुद्धा कुणी नव्हतं, म्हणून. नातीचंही तेच मत. तिचे डोळे भरून आले होते. मला मात्र तो शेवट पटला नाही. खेळणाऱ्याला लेखकाने फार स्वस्तात सोडलं असं वाटलं. तीस दिवस आकडे हलवले ते आपण, आणि शेवटी सांगायचं की तुम्ही नव्हतातच? खेळात असेल तसं. पण त्या एसटीत मी होते.

असो. तर सूनबाईंना मी काय सांगितलं? एक, बंदी घालू नका, बावीस वर्षांच्या मुलीला ती लागूही पडत नाही. दोन, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती मात्र मी हा खेळ देणार नाही, आणि जिचं मन आधीच दुखरं आहे तिच्या हाती तर कुठल्याच वयात एकटीला नाही. अर्ध्यावर सोडणारी चौथी मैत्रीण तशीच होती. ती मला म्हणाली, "माझंच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. बरं वाटलं, आणि मग बरं वाटेना." सोडला हे तिने शहाणपणाचं केलं. तीन, आजार नटवल्याची तक्रार खरी आहे आणि तरीही खेळ खोटा नाही. सूनबाईंना हे तिसरं काही पटलेलं नाही. "आई, तुम्ही तिच्या बाजूच्या झालात," म्हणाल्या.

नातीलाही विचारलं होतं मी, की बाई, यात तुला एवढं आवडतं तरी काय? पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आमेची कुणी चौकशी करत नाही, सगळे आकडा विचारतात. ते ओळखीचं वाटतं." मी म्हटलं, आपल्या घरात कोण विचारतं गं आकडा? त्यावर ती हसली आणि म्हणाली, "आजी, फोनवर तुझं पहिलं वाक्य काय असतं?"

मंडळी, पहिलं वाक्य 'पेपर कसा गेला, किती पडतील' हे असतं. शाळेपासून तेच. घरातल्या सगळ्यांचंच, पण सुरुवात माझी.

ती कराडची मुलगी मला दहाएक वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. पंगतीतून उठून आली, वाकून नमस्कार केला. आपल्या लेकीला पुढे ओढून म्हणाली, "या माझ्या बाई. यांनी मला बोलायला शिकवलं." मी तिच्या लेकीच्या हातात पैसे ठेवले, "कितवीत आहेस?" म्हणून विचारलं आणि माणसांच्या गर्दीत सरकले. थांबायला हवं होतं. काय बोलले असते ते ठाऊक नाही.

परवा नातीची परीक्षा संपली, तिचा फोन आला. ओठावर आलेलं वाक्य गिळलं आणि विचारलं, जेवलीस का. "कळलं हं आजी," म्हणाली, आणि अर्धा तास मेसच्या आमटीबद्दल बोलत राहिली. खेळाचे सात शेवट अजून तिचे बघायचे राहिलेत. उन्हाळ्यात आली की ते मला दाखवणार आहे. सूनबाईंनाही बसवू या म्हणते. बघू त्या तयार होतात का.